थिएटरात फसलेला दरोडा, डिस्कवरचा दुसरा डाव

दरोडापट हा थरारपटाचा असा पोटप्रकार आहे, ज्यात प्रेक्षक पहिल्या रिळापासून चोरांच्या बाजूने असतो. बँक, कॅसिनो, जवाहिऱ्याची पेढी किंवा सोन्याने भरलेली आगगाडी यांपैकी काहीतरी लुटायचे असते. त्यासाठी एखादा मुरलेला गडी एकेका कामातला एकेक तरबेज माणूस गोळा करतो, नकाशे पसरले जातात, प्रत्यक्ष चोरी होते आणि वाटणीच्या वेळी फाटाफूट होते. भरती, आखणी, चोरी आणि निस्तरणे हे त्याचे चार टप्पे. जॉन ह्यूस्टनच्या १९५० सालच्या ‘द अस्फाल्ट जंगल’ने ही चौकट पक्की केली. पाच वर्षांनी ‘रिफिफी’ आला. अमेरिकेतल्या कम्युनिस्टविरोधी काळ्या यादीमुळे देशाबाहेर पडलेल्या जूल्स डॅसिनने तो पॅरिसमध्ये केला आणि तिसऱ्या टप्प्याचा मानदंड घालून दिला. त्यातली चोरी सुमारे अर्धा तास चालते. संवाद नाही, पार्श्वसंगीत नाही. चोर वरच्या मजल्यावरच्या घराची जमीन फोडतात, भोकातून मिटलेली छत्री खाली सोडून ती उघडतात आणि पडणारा चुरा छत्रीत झेलतात, म्हणजे खाली आवाज होणार नाही. धोक्याची घंटा आग विझवण्याच्या फेसाने मुकी केली जाते. ही छत्री पाहिलेला माणूस पुढे कोणत्याही दरोडापटाकडून किमान एवढ्या हुशारीची अपेक्षा ठेवतो. इतर थरारपटांपेक्षा या प्रकारात निराशा जास्त पदरी पडते, त्याचे हे एक कारण आहे.

दुसरे कारण प्रकाराच्या बांधणीतच आहे. दरोडापटाला एक अलिखित नियम लागू होतो: योजना प्रेक्षकांना आधी समजावून सांगितली असेल तर ती बिघडली पाहिजे, आणि ती तडीस जाणार असेल तर आधी सांगता कामा नये. सांगितलेली योजना जशीच्या तशी पार पडली तर प्रेक्षक एकच गोष्ट दोनदा पाहतो. हॉलिवूडमध्ये १९३४पासून काटेकोरपणे राबवलेली नीतिसंहिता १९६८मध्ये मोडीत निघेपर्यंत हा प्रश्न परस्परच सुटत असे, कारण गुन्हेगाराला शिक्षा होणे बंधनकारक होते. डाव कुठेतरी फसणार हे ठरलेलेच. कसा, एवढेच पाहायचे. स्टॅनली क्युब्रिकच्या ‘द किलिंग’मध्ये (१९५६) घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरची लूट मिनिटामिनिटाचा हिशेब सांभाळत पार पडते आणि विमानतळावर एक स्वस्तातली बॅग उघडून सगळ्या नोटा वाऱ्यावर जातात. संहिता गेल्यावर चोर सुटू शकत होते. मग प्रेक्षकाला चकवायचे तर त्याच्यापासून काहीतरी लपवणे भाग पडले, आणि लपवण्याची कला व शुद्ध लबाडी यांतली रेष पुसट झाली. १९९०नंतरचे बरेच दरोडापट याच रेषेवर पाय घसरून पडलेले दिसतात.

फसलेल्या दरोडापटांची साधारण तीन तऱ्हांत विभागणी करता येते. काहींची योजना मुळातच खोटी असते. शेवटी जे उघड होते ते आधीच्या दृश्यांशी जुळत नाही, किंवा जुळवायचे तर पात्रांना भविष्य दिसत होते असे मानावे लागते. काही चित्रपट दिग्दर्शकाच्या हातातून काढून घेतले जातात. चाचणी-खेळांतल्या प्रतिक्रियांवरून स्टुडिओ कापाकापी करतो, शेवट बदलतो, निवेदन घुसडतो. तिसऱ्या तऱ्हेत चित्रपटात फारसे बिघडलेले नसते, पण तो भलत्याच प्रेक्षकाला भलत्याच जाहिरातीने विकला जातो. थिएटरात तिन्हींचा शेवट सारखाच: दुसऱ्या आठवड्यात खुर्च्या रिकाम्या. त्या तीन तऱ्हा एकमेकींपासून वेगळ्या ओळखू आल्या त्या घरात, व्हिडिओवर.

घरगुती व्हिडिओचा इतिहास थोडक्यात असा. सोनीने १९७५मध्ये बीटामॅक्स आणले, पुढच्या वर्षी जपानमध्ये व्हीएचएस आले. स्टुडिओंनी सुरुवातीला या यंत्रांविरुद्ध कोर्टकचेऱ्या केल्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४मध्ये सोनीच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर याच स्टुडिओंना व्हिडिओतून मिळणाऱ्या पैशाची चटक लागली. नव्या चित्रपटाची कॅसेट ऐंशी ते शंभर डॉलरला विकली जाई, म्हणजे ती घरोघरी नव्हे, तर भाड्याने देणाऱ्या दुकानांना विकायची वस्तू होती. शनिवारी संध्याकाळी दुकानात गेलेल्या गिऱ्हाइकाला हवी ती कॅसेट मिळाली नाही तर तो शेजारची उचलत असे. थिएटरात पडलेल्या, पण ओळखीचा चेहरा वेष्टनावर असलेल्या चित्रपटांचे बस्तान या शेजारच्या जागेवर बसले. दरोडापटाला ही व्यवस्था खास मानवली. बंदुका, नोटांच्या थप्प्या आणि दोन नट एवढे मुखपृष्ठावर असले की बाकीचे काम दुकानाची फळी करीत असे.

१९९६च्या अखेरीस जपानमध्ये आणि १९९७मध्ये अमेरिकेत डीव्हीडी आली तेव्हा गणित पालटले. वीस डॉलरच्या आसपासची डिस्क लोक भाड्याने आणण्याऐवजी विकत घेऊ लागले. २०००च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत घरगुती व्हिडिओवर होणारा खर्च थिएटरच्या तिकीटविक्रीच्या दुपटीहून जास्त होता. आधी पाहिलेला चित्रपट पुन्हा विकत घ्यायला लावायचा तर डिस्कवर काहीतरी जादा हवे. त्यातून वगळलेली दृश्ये, पर्यायी शेवट, दिग्दर्शकाचे निवेदन, ‘दिग्दर्शकाची आवृत्ती’ असा शिक्का, असे जोडपदार्थ जन्माला आले. या शिक्क्यामागे कधी खरी कैफियत असे, तर कधी दहा मिनिटांचा उरलेला गाळ. वेष्टनावरून ओळखायची सोय नव्हती.

दरोडापटाच्या बाबतीत डिस्कने आणखी दोन गोष्टी केल्या, आणि त्या जोडपदार्थांपेक्षा महत्त्वाच्या ठरल्या. एक, चौकट परत मिळाली. व्हीएचएसच्या काळात रुंद पडद्याचे चित्र टीव्हीच्या चौकोनी काचेत बसवण्यासाठी दोन्ही बाजूंनी छाटत असत. प्रेमकथेचे त्यामुळे फार बिघडत नाही. पण दरोड्याच्या दृश्यात डावीकडे पहारेकरी, मध्ये तिजोरी आणि उजवीकडे घड्याळाकडे पाहणारा साथीदार अशी मांडणी असेल, तर छाटलेल्या चित्रात या तिघांपैकी एक गायब होतो आणि दृश्यातला ताण त्याच्याबरोबर जातो. डीव्हीडीवर मूळ रुंदी बहुधा कायम राहिली. दुसरी गोष्ट, मागे जाऊन नेमके तेच दृश्य पुन्हा पाहणे क्षणाचे काम झाले. थिएटरात शेवटच्या धक्क्यानंतर प्रेक्षक पार्किंगमध्ये हुज्जत घालत असे; घरी तो रिमोट उचलून पुरावा तपासू लागला. एखाद्या दरोडापटाची योजना खरी की खोटी हे ठरवण्याचे याहून निर्दय साधन दुसरे नाही.

या सगळ्या व्यवहाराचा जवळून अभ्यास करण्यासारखा नमुना म्हणजे ‘रेनडिअर गेम्स’. दिग्दर्शक जॉन फ्रँकनहाइमर हे काही साधेसुधे नाव नव्हते. ‘द मंचूरियन कँडिडेट’ (१९६२), ‘सेव्हन डेज इन मे’ (१९६४) आणि ‘सेकंड्स’ (१९६६) या चित्रपटांनी संशय आणि कटकारस्थान यांना अमेरिकन पडद्यावर एक वेगळीच थंडगार शैली दिली होती. मधल्या पडझडीनंतर १९९८च्या ‘रोनिन’ने त्यांचा जम पुन्हा बसवला. तोही एका अर्थी दरोडापटच: एक पेटी पळवायची, पेटीत काय आहे ते अखेरपर्यंत कळत नाही, आणि नीस व पॅरिसच्या रस्त्यांवरचे मोटारींचे पाठलाग असे, की चाकाखालचा दगड न् दगड जाणवावा. त्यापाठोपाठ डायमेन्शन फिल्म्ससाठी बेन अ‍ॅफ्लेक, चार्लीझ थेरॉन आणि गॅरी सिनीझ यांना घेऊन नाताळातल्या कॅसिनो-दरोड्याचा चित्रपट होणार म्हटल्यावर अपेक्षा वाढणे स्वाभाविक होते.

कथा अशी. मोटारचोर रुडीचा तुरुंगातला सोबती निक हा अ‍ॅशली नावाच्या मुलीशी पत्रांतून जुळलेला असतो. दोघांची सुटका तोंडावर आली असताना तुरुंगातल्या मारामारीत निक भोसकला जातो. बाहेर थंडीत वाट पाहणाऱ्या अ‍ॅशलीला रुडी ‘मीच निक’ असे सांगतो. लगेच तिचा भाऊ म्हणवणारा गेब्रिएल आपली टोळी घेऊन उगवतो, कारण निकने पूर्वी मिशिगनमधल्या एका आदिवासी कॅसिनोत पहारेकऱ्याचे काम केलेले असते आणि टोळीला आतला नकाशा हवा असतो. न पाहिलेल्या कॅसिनोचा नकाशा रुडीला जीव वाचवण्यासाठी मनाने काढून द्यावा लागतो. इथपर्यंतची कल्पना खरोखर उत्तम आहे. योजना आखणारालाच योजनेतले काही ठाऊक नाही, त्यामुळे ती बिघडणार हे नक्की आणि कशी बिघडणार याची उत्सुकता शाबूत. नाताळच्या लाल डगल्यांतली टोळी कॅसिनोत शिरते, रक्तपात होतो. चित्रपटाची सुरुवातच बर्फात पडलेल्या सांताक्लॉजच्या प्रेतांनी होते, ती प्रतिमा लक्षात राहते.

बिघाड शेवटच्या टप्प्यात आहे. आधी कळते की अ‍ॅशली गेब्रिएलची बहीण नव्हे, प्रेयसी आहे. मग कळते की निक मेलेलाच नाही. भोसकाभोसकी हा बनाव होता, आणि सगळा डाव निक व अ‍ॅशली यांनीच मांडलेला होता. हा दुसरा धक्का बसताच आधीचे सगळे खिळखिळे होते. निकची योजना चालायची तर रुडीने तुरुंगाबाहेर पडताच, कोणीही न सांगता, दुसऱ्याचे नाव घेऊन त्याच्या मैत्रिणीपुढे उभे राहायला हवे. तो बसमध्ये चढून सरळ घरी गेला असता तर चित्रपट पंधराव्या मिनिटाला संपला असता. माणसाचा स्वभाव ओळखून जाळे टाकणे वेगळे आणि एका नाण्याच्या छापाकाट्यावर चार खून बेतणे वेगळे. पटकथाकार एहरन क्रूगरने प्रेक्षकाला चकवण्याच्या भरात स्वतःच्याच खलनायकाला मूर्ख ठरवले आहे.

चित्रपट १९९९च्या नाताळात यायचा होता. चाचणी-खेळांनंतर तो लांबला, त्याची छाटणी झाली आणि २५ फेब्रुवारी २००० रोजी, म्हणजे सांताक्लॉजचे डगले पेटीत गेल्यावर दोन महिन्यांनी, तो झळकला. सुमारे ४.२ कोटी डॉलर खर्चाच्या चित्रपटाने अमेरिकेत साधारण २.३ कोटी आणि जगभर मिळून ३.२ कोटींच्या आसपास कमाई केली. काही देशांत तो ‘डिसेप्शन’ या नावाने लागला; तिथे निदान मोसमाची अडचण नव्हती. थेरॉनने पुढे मुलाखतीत तो चांगला चित्रपट नव्हता हे मोकळेपणाने मान्य केले, आणि फ्रँकनहाइमरबरोबर काम करायला मिळावे म्हणून आपण तो स्वीकारल्याचेही सांगितले.

डीव्हीडी एकदा नव्हे, दोनदा आली. आधी थिएटरातली १०४ मिनिटांची आवृत्ती, आणि मग २००१मध्ये दिग्दर्शकाची, सुमारे वीस मिनिटांनी लांब. स्टुडिओने कापलेले दिग्दर्शकाला परत मिळाले, आता खरा चित्रपट दिसेल, असा विक्रीचा सूर होता. प्रत्यक्षात लांब आवृत्तीत मारहाण जास्त बोचरी आहे, शिव्या जास्त आहेत, आणि टोळीतल्या माणसांना चार श्वास जास्त मिळाले आहेत. डॅनी ट्रेहो आणि क्लॅरेन्स विल्यम्स यांच्यासारखे नट वाया गेल्याची चुटपुट थोडी कमी होते. कॅसिनोचा व्यवस्थापक झालेला डेनिस फरिना तर दोन्ही आवृत्त्यांत लज्जत आणतो. पण रुडीने तोतया व्हायचे ठरवले नसते तर काय, या प्रश्नाला वीस मिनिटांत उत्तर नाही, कारण ते कापलेल्या फिल्ममध्ये कधी नव्हतेच. संकलकाच्या टेबलावर झालेली जखम संकलनाने भरते; पटकथेत असलेली भरत नाही. ‘रेनडिअर गेम्स’ची डिस्क हे दाखवते, आणि रिमोटवर मागे जाण्याच्या सोयीमुळे थिएटरापेक्षा जास्त स्पष्ट दाखवते.

तरी ती डिस्क फुकट गेली असे म्हणता येत नाही. फ्रँकनहाइमर हे डीव्हीडीवरच्या निवेदनाची कला अवगत असलेले दिग्दर्शक होते. आठवणींचा पाल्हाळ आणि नटांची स्तुती यांत वेळ न घालवता ते भिंग कोणते, कॅमेरा कुठे, दृश्य का असे उभे केले हे सांगत जातात. ‘रोनिन’च्या डिस्कवर त्यांचे निवेदन आहे आणि वगळलेला शेवटही आहे, नायिकेला तिचेच साथीदार उचलून नेतात असा तो शेवट पाहिल्यावर तो का काढला हे कोणालाही समजते. ‘रेनडिअर गेम्स’ हा थिएटरांसाठी केलेला त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. ६ जुलै २००२ रोजी त्यांचे निधन झाले. बारकावे सांगणाऱ्या त्यांच्या आवाजासाठी चित्रपटकलेचे विद्यार्थी या डिस्क शोधतात.

याच्या बरोबर उलट उदाहरण ‘पेबॅक’चे. डोनाल्ड वेस्टलेकने रिचर्ड स्टार्क या टोपणनावाने लिहिलेली ‘द हंटर’ ही कादंबरी १९६२ची. तिच्यावर १९६७मध्ये ‘पॉइंट ब्लँक’ हा चित्रपट होऊन गेला होता. ‘एल. ए. कॉन्फिडेन्शियल’च्या पटकथेसाठी ऑस्कर मिळवणाऱ्या ब्रायन हेलगेलँडने मेल गिब्सनला घेऊन तीच गोष्ट पुन्हा केली. लुटीतला वाटा साथीदाराने हडपला आहे आणि नायकाला फक्त तेवढाच वाटा, ७०,००० डॉलर, परत हवा आहे, एक डॉलर जास्त नाही. हेलगेलँडचा नायक फारच निष्ठुर वाटल्याने चित्रपट त्याच्याकडून काढून घेण्यात आला, मोठा भाग नव्याने चित्रित झाला, निवेदन घातले गेले, गुन्हेगारी संघटनेचा म्होरक्या म्हणून क्रिस क्रिस्टोफरसनचे पात्र जोडले गेले, आणि सगळ्या चित्रावर निळसर झाक आणली गेली. १९९९च्या या रूपाने गल्ला चांगला जमवला, त्यामुळे स्टुडिओला स्वतःचे काही चुकले असे वाटण्याचे कारण नव्हते.

२००७मध्ये ‘पेबॅक: स्ट्रेट अप’ या नावाने हेलगेलँडची आवृत्ती डीव्हीडीवर आली. ती सुमारे दहा मिनिटांनी लहान आहे, आणि दिग्दर्शकाच्या आवृत्त्यांत ही दुर्मीळ गोष्ट. निवेदन नाही, निळा रंग नाही. म्होरक्या दिसतच नाही. टेलिफोनवर फक्त सॅली केलरमनचा आवाज. शेवट रेल्वेच्या फलाटावर, आणि नायक जगतो की नाही हे प्रेक्षकावर सोडलेले. दोन्ही डिस्क लागोपाठ पाहिल्या तर एकाच चित्रीकरणातून दोन वेगळी माणसे कशी घडवता येतात हे कळते. स्टुडिओच्या चित्रपटातला गिब्सन खट्याळ आहे, हेलगेलँडच्या चित्रपटातला धोकादायक. इथे पटकथेचा कणा मुळात ताठ होता, म्हणून दुरुस्ती लागू पडली.

भलत्या जाहिरातीने मारलेल्यांत ‘हडसन हॉक’चा (१९९१) क्रमांक वरचा. ब्रूस विलिस आणि डॅनी आयेलो हे दोघे चोर घड्याळाऐवजी गाण्यांवर वेळ मोजतात. गाण्याची लांबी पाठ असते, दोघे इमारतीच्या दोन टोकांना तेच गाणे गुणगुणत काम करतात आणि ते संपताना नेमके एकत्र येतात. दरोडापटाच्या इतिहासातली ही एक गोड युक्ती आहे. पण ‘डाय हार्ड’च्या नायकाचा चित्रपट म्हणून मारधाडीच्या अपेक्षेने आलेल्या प्रेक्षकाला दा विंचीची यंत्रे, सोने बनवण्याचे सूत्र आणि खलनायकांचा आचरटपणा यांचे काय करावे ते कळेना. सहा कोटी डॉलरहून अधिक खर्च, अमेरिकेतली कमाई पावणेदोन कोटींच्या घरात आणि वर सर्वांत वाईट चित्रपट, दिग्दर्शन व पटकथा यांची रॅझी पारितोषिके. कॅसेट काढताना जाहिरातीच्या ओळीत साहसाच्या जागी हास्याला स्थान दिले गेले. विनोद म्हणून पाहणारांना तो घरी बराच सुसह्य वाटला. पहिल्या दिवसापासून हेच सांगितले असते तर, हा प्रश्न जाहिरात विभागाने स्वतःला विचारला असेलच.

वेस अँडरसनच्या ‘बॉटल रॉकेट’ची (१९९६) गोष्ट याहून निराळी. टेक्ससमधले तीन बावळट तरुण पुस्तकांचे दुकान लुटतात आणि आपण मोठे दरोडेखोर झालो असे समजतात. चाचणी-खेळांत लोक उठून गेले, थिएटरांतून साडेपाच लाख डॉलरच्या आसपास पैसे आले. व्हिडिओवर त्याला हळूहळू माणसे मिळाली. मार्टिन स्कॉर्सेसीने नव्वदच्या दशकातल्या आपल्या आवडत्या चित्रपटांत त्याचे नाव घेतले, आणि २००८मध्ये निवडक चित्रपटांच्या डिस्क काढणाऱ्या क्रायटेरियनने त्याची डिस्क काढली. तिच्यासाठी कथेत काही बदलावे लागले नाही.

यशस्वी चित्रपटही निराश करू शकतो. स्टीव्हन सोडरबर्गच्या ‘ओशन्स इलेव्हन’ने (२००१) सुमारे ४५ कोटी डॉलर मिळवले, ‘ओशन्स ट्वेल्व्ह’ने (२००४) ३६ कोटींच्या पुढे मजल मारली, म्हणजे व्यापाराच्या भाषेत तक्रार नाही. पण पहिल्या चित्रपटातली हातचलाखी न्याय्य होती: लपवलेले तुकडे दृश्यांच्या मधल्या फटींत बसतात, आणि दुसऱ्यांदा पाहताना फटी दिसतात. दुसऱ्या चित्रपटात रत्नजडित अंड्यामागची तासभराची धावपळ झाल्यावर सांगितले जाते की खरे अंडे प्रवासातच बदलले होते. पाहिले ते सगळे नाटक. डिस्क कितीही मागे नेली तरी तिथे पुराव्याची एक फटही सापडत नाही.

भारतात घरगुती व्हिडिओ आला तो वेगळ्या वाटेने. १९८२च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत टीव्ही पसरला, त्यामागोमाग व्हीसीआर आले. मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत कॅसेट लायब्ऱ्या निघाल्या. एका रात्रीसाठी व्हीसीआर भाड्याने आणायचा, वर्गणी काढायची आणि पहाटेपर्यंत तीन-चार चित्रपट उरकायचे, हा आळीचा सोहळा असे. चोरट्या कॅसेटी इतक्या माजल्या की १९८४मध्ये स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती करून व्हिडिओ चित्रपटांवर निर्मात्याचा तपशील आणि सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत छापणे सक्तीचे करावे लागले. पुढे व्हीसीडीने घर काबीज केले. एका तबकडीत पाऊणशे मिनिटांच्या आसपास चित्र मावत असल्याने हिंदी चित्रपट दोन किंवा तीन तबकड्यांत येई, आणि तिजोरी उघडण्याच्या क्षणाला ‘डिस्क बदला’ हा संदेश हजर. डीव्हीडीवर जगाच्या विभागांनुसार कुलूप असे. अमेरिकेतली डीव्हीडी पहिल्या विभागाची आणि भारत पाचव्या विभागात, म्हणून परदेशी नातेवाइकांनी पाठवलेली ‘दिग्दर्शकाची आवृत्ती’ साध्या प्लेअरवर चालत नसे. मोझर बेअर या कंपनीने २००७च्या सुमारास व्हीसीडी २८ आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा पायरेटेड डिस्कच्या फेरीवाल्याला पहिल्यांदा कायदेशीर स्पर्धक भेटला.

फसलेला भारतीय दरोडापट म्हटला की कृष्णा शाह यांचा ‘शालिमार’ (१९७८) आठवतो. एका खासगी बेटावर रेक्स हॅरिसनने साकारलेला सर जॉन जगातल्या अव्वल चोरांना बोलावून आपले माणिक चोरून दाखवण्याचे आव्हान देतो. धर्मेंद्र, झीनत अमान, शम्मी कपूर आणि जॉन सॅक्सन असा जमाव. हिंदी आणि इंग्रजी अशा दोन रूपांत तो तयार झाला, आणि दोन्हीकडे पडला. आंतरराष्ट्रीय दिसण्याच्या हौसेत चोरीची आखणी तेवढी राहून गेली. त्याला घरात जागा मिळवून दिली ती व्हिडिओने नव्हे, तर राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांच्या तबकडीने. चित्रपट न पाहिलेल्यांच्याही ओठांवर किशोरकुमारचे ‘हम बेवफा’ होते.

अब्बास-मस्तान यांचा ‘प्लेयर्स’ (६ जानेवारी २०१२) हे ‘द इटालियन जॉब’चे हक्क विकत घेऊन केलेले रूपांतर. १९६९च्या मूळ ब्रिटिश चित्रपटाची गंमत लहानशा मोटारी, तुरिनची वाहतूक आणि कड्यावर लोंबकळणाऱ्या बसवर सोडलेला शेवट यांत होती. हिंदीत रशियातली आगगाडी, गाणी आणि प्रेमाचा त्रिकोण मिळून पावणेतीन तास झाले. दरोड्याची घडी सेकंदांवर बसवलेली असते. मध्येच गाणे आले की ती विस्कटते. थिएटरात तो चालला नाही, आणि घरी गाणी पुढे ढकलणाऱ्या बटणाने त्याची लांबी जरा आटोक्यात आली.

सुमारे वर्षभराने आलेल्या नीरज पांडे यांच्या ‘स्पेशल २६’ने तेच प्रेक्षक परत मिळवले, आणि त्याचा आधार मुंबईतच होता. मार्च १९८७मध्ये एका तोतया सीबीआय अधिकाऱ्याने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन तरुणांची भरती केली, मुलाखती घेतल्या आणि त्यांना ‘सरावाचा छापा’ म्हणून ऑपेरा हाउस भागातल्या त्रिभोवनदास भीमजी झवेरी यांच्या पेढीवर नेले. दागिने बॅगांत भरून तो निघून गेला आणि सापडला नाही. भरती झालेले उमेदवार छापा चालू आहे अशा समजुतीत बसून राहिले. योजना आधी न सांगण्याचा जुना नियम इथे वास्तवातल्या चोरानेच पाळला होता. चित्रपटाने त्यात शेवटचा एक पेच घातला, आणि तो मागे जाऊन तपासला तरी टिकतो.

डिस्कचा काळ ओसरल्यावर दुसऱ्या डावाची जागा स्ट्रीमिंगने घेतली. स्पेनच्या अँटेना ३ वाहिनीवर २०१७मध्ये आलेल्या ‘ला कासा दे पापेल’ या टांकसाळीवरच्या दरोड्याच्या मालिकेचे प्रेक्षक सुरुवातीनंतर घटत गेले. नेटफ्लिक्सने ती घेतली, सत्तर मिनिटांच्या आसपासचे १५ भाग कापून २२ लहान भाग केले आणि ‘मनी हाइस्ट’ जगभर पोहोचली. यातही मूळ चित्रण तेच होते. बदलली ती तुकड्यांची लांबी आणि पाहण्याची जागा.

मधल्या आकाराच्या दरोडापटाला मात्र या बदलाचा फटका बसला आहे. तीन-चार कोटी डॉलरचा, थिएटरात जेमतेम चाललेला चित्रपट पूर्वी डिस्कच्या विक्रीवर तोटा भरून काढी. ती विक्री आटल्यावर तसा चित्रपट काढण्याचे धाडस कमी झाले, हे मॅट डेमनसारख्या नट-निर्मात्यांनी जाहीरपणे सांगितले आहे. नेटफ्लिक्सने डाकेने डीव्हीडी पाठवण्याची सेवा सप्टेंबर २०२३मध्ये थांबवली. स्ट्रीमिंगवर एका चित्रपटाची बहुधा एकच आवृत्ती ठेवली जाते, आणि ती कोणती हे हक्कधारक ठरवतो. हेलगेलँडचा आणि स्टुडिओचा ‘पेबॅक’ शेजारी ठेवून पाहायचे असेल, किंवा फ्रँकनहाइमरची ती जादा वीस मिनिटे हवी असतील, तर जुन्या डिस्कच शोधाव्या लागतात. अशा डिस्क आता छोट्या संग्राहक कंपन्यांच्या याद्यांत आणि जुन्या मालाच्या बाजारात मिळतात.